फ्रॅटर्निटी हाउसमधलं २०२०: मोठ्याचा अनुभव आणि धाकट्याचा हट्ट

अंगणवेल

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

धाकटा येत्या ऑगस्टमध्ये कॉलेजला जाईल. परवा जेवता जेवता म्हणाला, "आई, मी पण रश करणार." रश म्हणजे फ्रॅटर्निटीत शिरायचं म्हणून सेमिस्टरच्या सुरुवातीला हाउसेस बघत फिरणं. आणि फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलांची मंडळी, एकमेकांना भाऊ म्हणणारी, बहुधा एकाच मोठ्या घरात, म्हणजे हाउसमध्ये, राहणारी. मोठा सुट्टीला आलाय, समोरच बसला होता. त्यानं ताटातून मान वर केली नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मोठा २०१९ मध्ये मिडवेस्टमधल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात गेला. विद्यापीठाचं आणि हाउसचं नाव लिहीत नाही, त्यातली मुलं आता नोकऱ्यांना लागलीत, कुणाला त्रास नको. पहिल्याच वर्षी फ्रॅटर्निटीत शिरला. आमचा विरोध होता. पण लाजाळू पोरगा, हायस्कूलमध्ये मोजून दोन मित्र, तो एकदम फोनवर मोकळा हसायला लागला. मग आम्ही गप्प बसलो. पुढच्या वर्षी हाउसमध्ये राहायचं म्हणून करारावर सही हिवाळ्यातच झाली होती.

मार्च २०२० मध्ये, करोना सुरू झाला तेव्हा, स्प्रिंग ब्रेकला एक बॅग घेऊन घरी आला, तो ऑगस्टपर्यंत घरीच. मधल्या काळात आम्ही हाउसवाल्यांना दोनदा लिहिलं, करारातून सोडा म्हणून. उत्तर आलं, करार तो करार. विद्यापीठ म्हणत होतं, काही वर्ग प्रत्यक्ष भरतील. आणि खरं सांगते, पोरगा पाच महिने खोलीचं दार लावून बसला होता, ते बघवत नव्हतं. आम्हीच गाडीनं सोडून आलो. हे मी स्वतःला अजून विचारते.

त्या हाउसची झोपायची व्यवस्था अशी: सगळ्यात वर एक लांबलचक खोली, तिला कोल्ड डॉर्म म्हणतात. चाळीसेक बंक ओळीनं. कपडे, पुस्तकं, टेबलं खालच्या खोल्यांत, झोपायला सगळे वर. खिडक्या थंडीतही किलकिल्या ठेवायची जुनी पद्धत. मोठ्याला खालचा बंक मिळाला होता. वरच्या मुलाचा हात झोपेत खाली लोंबायचा, तो बरोबर ह्याच्या तोंडासमोर. आम्ही मास्कची तीन खोकी, सॅनिटायझर, ऑक्सिमीटर सगळं दिलं होतं. त्या खोलीत मास्कचा काय उपयोग?

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा खोकायला लागला. रात्री हाउसची मीटिंग झाली. एका सीनियरनं सांगितलं, कुणी टेस्टला जायचं नाही. एक जरी पॉझिटिव्ह निघाला तरी सगळं हाउस बंद होईल, सगळ्यांचं सेमिस्टर जाईल, भावांचा विचार करा. मोठ्याला दोन दिवसांनी कॉफीचा वास येईना. तो गुपचूप टेस्ट करून आला. पॉझिटिव्ह. हाउस बंद झालं.

नंतरचे दिवस मी विसरणार नाही. ज्यांना तो भाऊ म्हणायचा त्यातले कित्येक बोलेनासे झाले. ग्रुपमधून कुणी काढलं नाही, पण त्यानं लिहिलेल्यावर उत्तर येईना. ताप उतरला तरी पोरगा रडत होता, आजारामुळे नाही.

आणि त्याच हाउसमध्ये त्याचा बिग होता. प्रत्येक नव्या मुलाला एक मोठा भाऊ नेमून देतात, त्याला बिग म्हणतात. गोरा, शेतकऱ्याचा मुलगा. त्यालाही लागण झाली होती, पण हिंडता येत होतं. त्यानं मला व्हिडिओ कॉल केला, "मिसेस, तो काही खात नाही. तुम्ही घरी काय देता?" मी त्याला राइस कुकरमध्ये मुगाची खिचडी शिकवली. मुगाची डाळ ह्याच्याच सामानात होती. हळद किती, पाणी किती, सगळं त्यानं कागदावर लिहून घेतलं. तूप नव्हतं म्हणून वरून लोणी घातलं. दहा दिवस तो मुलगा दारात वाटी ठेवून दार वाजवायचा आणि ह्यानं दोन घास खाल्ल्याशिवाय दारापासून हलायचा नाही.

तर असं आहे. टेस्ट करू नका म्हणणारे तेच, आणि खिचडी करणाराही त्यातलाच. धाकट्याला काय सांगू? ज्यांची मुलं त्या काळात तिथे होती, किंवा जे स्वतः होते, त्यांनी कृपया लिहा.

बॉथेलकर

ताई, मनापासून लिहिलंत. आम्ही सिअ‍ॅटलजवळ राहतो, इथलं जे पाहिलं ते सांगतो.

युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टननं मार्च २०२० मध्ये वर्ग ऑनलाइन नेले. एवढ्या मोठ्या विद्यापीठांत देशात पहिलं तेच. इतकं सावध विद्यापीठ, आणि जूनअखेर तिथल्याच ग्रीक रोमध्ये, म्हणजे फ्रॅटर्निटी हाउसेसच्या वस्तीत, साथ फुटली (त्यांची नावं ग्रीक अक्षरांची, म्हणून ग्रीक). कॅम्पसच्या उत्तरेला, ४५ व्या स्ट्रीटच्या पलीकडे ही हाउसेस रांगेनं आहेत. उन्हाळ्यातही तिथे हजारेक मुलं राहत होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पंधरा हाउसेसमधली शंभराहून जास्त मुलं पॉझिटिव्ह होती. जवळच टेस्टिंगचा तंबू लागला, मुलं रांगेत उभी असायची. त्याच सुमाराला कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात एका आठवड्यात ४७ रुग्ण निघाले, बहुतेक सगळे ग्रीक पार्ट्यांशी जोडलेले.

तुम्ही कोल्ड डॉर्म म्हणता त्याला इकडे स्लीपिंग पोर्च म्हणतात. लोक पार्ट्यांना शिव्या देत होते, आणि पार्ट्या झाल्याच, ते नाकारत नाही. पण पार्टी आठवड्यातून एकदा. झोप रोजची. एका हवेत तीस-चाळीस जण रात्रभर श्वास घेणार, तर पार्टी न करताही पसरणारच. आमच्या ओळखीचा एक मुलगा एकाही पार्टीला गेला नव्हता, त्याला झालाच.

रानपाखरू

मी पुण्यात असते, त्यामुळे एक अडाणी प्रश्न. हाउस बंद करायचं तर विद्यापीठानं सरळ मुलांना घरी का पाठवलं नाही? आमच्याकडे मार्चमध्ये दोन दिवसांत हॉस्टेल रिकामं करा म्हणून नोटीस लागली. मुलं एसटीला लटकून गेली, काहींचं सामान वर्षभर तिथेच.

जुनेजाणते

रानपाखरू, प्रश्न अगदी मोक्याचा आहे.

बऱ्याच ठिकाणी हाउस विद्यापीठाचं नसतंच. जागा माजी सदस्यांनी काढलेल्या हाउस कॉर्पोरेशनची, कर्ज त्यांच्या नावावर, हप्ता मुलांच्या भाड्यातून. घर रिकामं ठेवलं तर हप्ता कुठून भरायचा? अंगणवेल यांना "करार तो करार" असं उत्तर का मिळालं ते यात आलं. वर राष्ट्रीय संघटना असते, तिचा चॅप्टर, म्हणजे शाखा, कॉलेजाकॉलेजात. विद्यापीठ मान्यता काढून घेऊ शकतं, विद्यार्थ्यावर कारवाई करू शकतं, पण दुसऱ्याच्या घराला कुलूप कसं लावणार? सप्टेंबर २०२० मध्ये इंडियाना युनिव्हर्सिटीत, ब्लूमिंग्टनला, चाळीसेक हाउसेसपैकी तीस हाउसेसना क्वारंटाइन व्हायला सांगितलं. काही हाउसेसमध्ये टेस्ट केलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना लागण झालेली होती. तरी विद्यापीठानं काय केलं? तिथे राहणं सुरक्षित नाही, राहण्याचा फेरविचार करा, असं आवाहन. क्वारंटाइनच्या आदेशामागे कायद्याचं बळ होतं ते काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याचं. मिशिगनमध्येही तेच. ऑक्टोबरमध्ये वॉशटनॉ काउंटीनं आदेश काढला तेव्हा अ‍ॅन आर्बरमधल्या मिशिगन विद्यापीठाच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांवर दोन आठवडे बंधनं आली.

ही प्रथा जुनी आहे. फाय बीटा काप्पा १७७६ मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाली, मुलांनी जमून वादविवाद करायची गुप्त मंडळी. राहायची घरं पुष्कळ नंतर आली. १९१८ च्या फ्लूच्या वेळी पहिलं महायुद्ध चालू होतं, कॉलेजांत सैनिकी प्रशिक्षणाच्या तुकड्या होत्या आणि कितीतरी फ्रॅटर्निटी हाउसेसच्या बराकी झाल्या होत्या. दाटीनं लावलेल्या खाटा आणि साथ ही गाठ तेव्हाही पडली होती.

काउंटीतली_वहिनी

त्या वर्षी मी एका काउंटीच्या आरोग्य खात्यात कॉन्टॅक्ट ट्रेसिंगचं काम केलं. कॉलेजची मुलं माझ्या यादीत रोज असायची. काउंटी सांगत नाही.

फोनवरचा संवाद जवळपास ठरलेला. "काल कुणाबरोबर जेवलास?" "एकटाच." "कुठे राहतोस?" हाउसचा पत्ता. "तिथे स्वयंपाकी आहे ना, सगळ्यांचं एकत्र जेवण असतं ना?" मग शांतता. नाव सांगितलं तर मित्र अडकेल ही भीती. एका मुलानं मला विचारलं, "मॅम, मी नावं दिली तर त्यांना सस्पेंड करणार का?" माझ्याकडे खरं उत्तर नव्हतं. विद्यापीठ शिक्षेची पत्रं पाठवत होतं आणि मी त्याच मुलांना विश्वास ठेवा म्हणत होते. दोन्ही एकदम होत नाही.

ओहायोत ऑक्सफर्डला मायामी युनिव्हर्सिटीजवळच्या एका घरावर सप्टेंबर २०२० मध्ये पोलीस गेले. पोलिसानं एका मुलाचं ओळखपत्र तपासलं तर तो आठवड्यापूर्वीच पॉझिटिव्ह आल्याची नोंद निघाली, आणि घरात पाहुणे. पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्यातलं ते चित्रण देशभर दाखवलं. त्यानंतर माझ्या फोनवरची मुलं आणखी कमी बोलायला लागली.

अंगणवेल, तुमचा मुलगा एकटा टेस्टला गेला. मी शेकडो फोन केलेत, म्हणून सांगते, असं करणारी मुलं फार थोडी होती. त्याला माझ्याकडून सांगा.

अंगणवेल

वहिनी, त्याला वाचून दाखवलं. काही बोलला नाही, पण फोन घेऊन पुन्हा स्वतः वाचलं.

दक्षिणवारा

मी स्वतः सदस्य होतो, २०१८ ते २०२२. वेगळ्या प्रकारची फ्रॅटर्निटी, म्हणून लिहितो.

सगळ्या फ्रॅटर्निटींना मोठी हाउसेस नसतात. ज्यांना जुन्या हाउसेसनी दारात उभं केलं नाही त्यांनी आपापल्या काढल्या. अल्फा फाय अल्फा ही काळ्या विद्यार्थ्यांची, कॉर्नेलमध्ये १९०६ साली निघाली. दक्षिण आशियाई मुलांच्या नव्वदीत आल्या: डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ मध्ये ऑस्टिनला, बीटा काय थीटा १९९९ मध्ये यूसीएलएला. माझा चॅप्टर असाच, वीस-बावीस जणांचा. हाउस नव्हतं, चार-पाच जण भाड्यानं एकत्र राहायचे, बस.

त्यामुळे २०२० मध्ये आमच्यात लागण फारशी झाली नाही, पण चॅप्टर मरायला टेकला. रश झूमवर. नव्या मुलाला पंधरा चौकोन दिसणार, प्रत्येक जण तेच विचारणार: मेजर काय, गाव कुठलं. त्यातून कोण कुणाचा भाऊ होणार? त्या सेमिस्टरला दोनच मुलं आली. त्यातल्या एकाला मी वर्षभरानं प्रत्यक्ष पाहिलं, तो माझ्यापेक्षा एवढा उंच असेल असं वाटलंच नव्हतं.

पण एप्रिल २०२१ सांगायलाच हवा. भारतात दुसरी लाट आली. सांगलीत माझ्या आजीला ऑक्सिजन लागत होता, बेड मिळेना. मामा रात्रभर फोन करायचा, म्हणजे माझा दिवस. मी चॅप्टरच्या ग्रुपवर एक ओळ टाकली. तासाभरात सहा जण कॉलवर आले आणि त्यांनी यादी वाटून घेतली. मराठी येणारा मी एकटा. एकजण हैदराबादी, दोन गुजराती, एक बांगलादेशी, एक केरळचा आणि तो उंच मुलगा. हिंदी-इंग्रजीत जमेल तसं बोलत ते सांगली, मिरज, कोल्हापूरचे नंबर फिरवत होते. कुठला नंबर बंद, कुठे सिलिंडर संपलाय, कुठे दुपारी चारला फोन करा म्हणाले, असं सगळं एका शीटमध्ये. पहाटे तीनला त्या उंच मुलानं मिरजेतला बेड शोधून दिला. मामा आजीला घेऊन पोचेपर्यंत तो फोनवर होता. पुढे आम्ही इतर चॅप्टरांबरोबर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसाठी पैसे गोळा केले, ते झालंच. पण मला आठवते ती शीट.

आजी दीड महिन्यानं घरी आली. म्हणून मला कुणी विचारलं तर मी फ्रॅटर्निटी वाईट म्हणू शकत नाही.

स्पष्टबोल

दक्षिणवारा, तुमच्या आजी घरी आल्या, बरं वाटलं. पण एका बापाला जे दिसतं तेही धाग्यात यायला हवं.

साथीच्या मध्यावर, फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हर्जिनिया कॉमनवेल्थ युनिव्हर्सिटीचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा फ्रॅटर्निटीच्या कार्यक्रमानंतर मृत सापडला. पुढच्याच आठवड्यात ओहायोत बोलिंग ग्रीन विद्यापीठाचा वीस वर्षांचा मुलगा गेला. दोघांनाही नवे म्हणून बाटलीभर दारू प्यायला लावली होती. कार्यक्रम कॅम्पसबाहेरच्या घरात. वर्ग ऑनलाइन होते, मास्क सक्तीचे होते, आणि हेझिंग, म्हणजे नव्या सदस्यांचं रॅगिंग, चालू होतं. वर्षभर एकटी पडलेली मुलं कुणीतरी आपलं म्हणावं म्हणून काहीही करायला तयार झाली असतील. तो विचार आला की माझ्या पोटात कालवतं.

ओहायोनं जुलै २०२१ मध्ये कायदा कडक केला, सक्तीनं दारू पाजणं गुन्ह्यात आणलं. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. आता विद्यापीठांना कुठल्या संघटनेवर हेझिंगची कारवाई झाली ते जाहीर करावं लागतं. अंगणवेल, धाकटा ज्या कॉलेजला जातोय त्याच्या साइटवर तो अहवाल शोधा. हाउसचं नाव घालून वाचा. मुलाला शेजारी बसवून वाचा.

आणि मीटिंगमध्ये "भावांचा विचार करा" म्हणाला तो सीनियर. दारू पाजतानाही हेच वाक्य वापरतात.

सातासमुद्रापार

मी २०१९ मध्ये एमएससाठी आले. फ्रॅटर्निटीशी संबंध नाही, पण माझं भाड्याचं घर अशाच एका हाउसच्या मागे होतं.

मार्चनंतर गल्ली रिकामी झाली. आम्ही चार मुली तिथेच. भारतात उतरायला विमानच नव्हतं. ६ जुलैला अमेरिकी सरकारनं फर्मान काढलं, सगळे वर्ग ऑनलाइन असतील तर परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेल्या, १४ जुलैला निर्णय मागे घेतला. ते आठ दिवस आम्ही बॅगा अर्ध्या भरून ठेवल्या होत्या. ऑगस्टमध्ये मागच्या अंगणात पुन्हा गाणी सुरू झाली, वीस-तीस मुलं. आमच्या खिडकीतून दिसायचं. आमच्यातली एक इन्सुलिनवर होती, ती त्या दिवसांत वाणसामान आणायलासुद्धा बाहेर पडली नाही.

ताई, राग तुमच्या मुलावर नाही. पण त्या मुलांना परतायला घर होतं, गाडीनं न्यायला आईवडील होते. त्यांच्या हाउसच्या मागे कोण राहतं हे त्यांना माहीतच नव्हतं. धाकट्याला हेही सांगा.

अंगणवेल

सातासमुद्रापार, तुझं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आम्ही त्याला सोडायला गेलो तेव्हा गल्लीत कोण राहतं हे मीही पाहिलं नव्हतं. सामान उतरवलं, मिठी मारली, निघालो. तुझी मैत्रीण बरी आहे ना?

सातासमुद्रापार

बरी आहे ताई. पास झाली, आता बोस्टनला असते.

रानपाखरू

हे सगळं वाचताना लालबागचा राजा आठवला. २०२० मध्ये त्या मंडळानं मूर्तीच बसवली नाही, त्या जागी रक्तदान आणि प्लाझ्मादानाचं शिबिर घेतलं. एवढी वर्षांची परंपरा, केवढा मोठा निर्णय. पण तिथे निर्णय घेणारी माणसं वयानं मोठी होती. इथे एकवीस वर्षांचा सीनियर चाळीस मुलांचं ठरवतो, हे मला कळतच नाही. त्या माजी सदस्यांपैकी कुणी येऊन बसलं नाही का त्या रात्री?

जुनेजाणते

नाही. मी स्वतः एका विद्यापीठात नोकरी केली आहे, त्यामुळे जबाबदारीनं लिहितो. कॉर्पोरेशनवाले भाडं बघत होते, विद्यापीठं फीचं गणित बघत होती, आणि मुलं परत आल्यावर सगळ्यांनी बोट मुलांकडे दाखवलं. मुलांनी चुका केल्याच. पण चाळीस बंक ओळीनं लावलेली खोली ऑगस्टमध्ये उघडायची का, हे एकोणीस वर्षांच्या मुलानं ठरवलेलं नव्हतं.

अंगणवेल

सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहिते.

काल संध्याकाळी चौघं बसलो. स्पष्टबोल, तुम्ही म्हणालात तो अहवाल काढला, धाकट्यानं स्वतः मोठ्यानं वाचला. त्यानं नाव काढलेल्या तीन हाउसेसपैकी एक त्यात होतं. ते त्यानं आपणहून खोडलं. दक्षिणवारांची आजीची हकिगत वाचल्यावर मात्र म्हणाला, "असे मित्र मला हवेत." मी नाही कशी म्हणू?

मग मोठ्यानं पहिल्यांदा सगळं सांगितलं. मीटिंगमध्ये कोण कुठे बसलं होतं, टेस्टला जाताना तो मागच्या जिन्यानं कसा गेला, बसमध्ये परत येताना हात कसे गार पडले होते. मलाही यातलं निम्मं माहीत नव्हतं. त्या सीनियरचा दोन वर्षांनी फोन आला होता म्हणे, माफी मागायला. तो तेव्हा घाबरला होता, त्याच्या वडिलांची नोकरी गेली होती आणि सेमिस्टर बुडालं असतं तर परत पैसे भरता आले नसते. मोठ्यानं माफ केलं का, ते मी विचारलं नाही.

त्याच्या बिगला लगेच व्हिडिओ कॉल लावला. तो आता वडिलांची शेती बघतो, मागे ट्रॅक्टर दिसत होता. धाकट्यानं विचारलं, पहिल्यांदा हाउस बघायला गेल्यावर काय विचारू? तो म्हणाला, "पार्टीचा हॉल सगळेच दाखवतात. तू म्हण, मला झोपायची जागा दाखवा. आणि इथे कुणी आजारी पडलं तर जेवण कोण नेऊन देतं, त्या मुलाचं नाव विचार."

हाउसेस बघायला ते दोघं भाऊ मिळूनच जाणार आहेत. तारीख ठरली की मी गाडी मोठ्याकडे देणार.